धाकट्यांचा लळा आणि थोरल्यांची बाजू

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मुलांच्या पुस्तकमालांमधल्या लहान भावंडांविषयी आहेत. त्यांतल्या पहिल्या पत्राला विस्ताराने उत्तर देणे भाग आहे, कारण त्यात एका नऊ वर्षांच्या मुलीची तक्रार गुंतलेली आहे आणि ती मला रास्त वाटते.

प्रश्न : माझी थोरली मुलगी नऊ वर्षांची आणि धाकटा मुलगा तीन वर्षांचा आहे. मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते, खेळायला उतरली की गुजराती बोलते आणि घरात मराठी. रात्री मी तिला बेव्हर्ली क्लिअरी यांच्या रमोनाच्या पुस्तकांतले एखादे प्रकरण वाचून दाखवते आणि अडेल तिथे मराठीत सांगते. दोघी बहिणींतली रमोना ही धाकटी. तिच्या उचापती वाचताना मला हसू आवरत नाही. परवा पुस्तक आवरून ठेवताना समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके दिसले. नीट पाहिल्यावर लक्षात आले, की जिथे जिथे थोरल्या बहिणीला, म्हणजे बीझसला, समजुतीने घ्यावे लागले आहे, तिथे तिथे मुलीने ठिपका दिला आहे. विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुला रमोनाच का आवडते गं आई? बीझसचं कुणी ऐकतच नाही." माझ्या या आवडीमुळे ती दुखावते आहे काय? ही पुस्तके वाचणे थांबवावे काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पुस्तके थांबवू नयेत आणि ते ठिपके खोडूही नयेत. आपल्याला हसता हसता जे दिसले नाही, ते आपल्या मुलीने हातात पेन्सिल घेऊन दाखवून दिले आहे. मुलांना असला पक्षपात कळत नाही असे मानणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. घरातल्या थोरल्या भावंडाला तो सर्वांच्या आधी कळतो, असे माझे मत आहे.

पुस्तकातले धाकटे पात्र मोठ्यांना आवडते, याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. त्याने केलेल्या नुकसानीची भरपाई आपल्याला करावी लागत नाही. पहिला घास सर्वांत चवदार लागतो, म्हणून रमोना तळघरात बसून पेटीतल्या सफरचंदांचा एकेकच चावा घेते आणि उरलेले फळ बाजूला टाकते. तिचा युक्तिवाद बिनतोड आहे, म्हणून आपण हसतो. पण तीच पेटी आपण खंडेराव मार्केटमधून घासाघीस करून आणलेली असती, तर तो युक्तिवाद ऐकून घेण्याइतका धीर आपल्याला राहिला असता काय? थोरल्या मुलीला मात्र हा प्रसंग इतक्या अंतरावरून वाचता येत नाही. तिची चित्रकलेची वही कुणीतरी कालच रंगवून ठेवलेली असते आणि "जाऊ दे, लहान आहे तो," हे वाक्य तिने सकाळीच ऐकलेले असते.

आता या पुस्तकांविषयी एक गोष्ट सांगतो, जी आपल्या दोघींच्याही कामाची आहे. रमोना ही मुळात नायिका नव्हतीच. क्लिअरी यांचे पहिले पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झाले; ते लिहिताना त्यातली सगळी मुले एकुलती एक असल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी बीझसला एक धाकटी बहीण देऊन टाकली. बिअ‍ॅट्रिस हे नाव धाकटीला नीट उच्चारता येईना, म्हणून ती 'बीझस' झाली, एवढे स्पष्टीकरण देण्यापुरतीच तिची गरज होती. विशेष म्हणजे क्लिअरी स्वतः एकुलत्या एक होत्या. पुढे १९५५ साली या दोघी बहिणींवर स्वतंत्र पुस्तक आले, ते संपूर्णपणे थोरलीच्या नजरेतून लिहिलेले आहे. त्यानंतरचे पुस्तक आले १९६८ साली, आणि त्यात मात्र नजर बदलली. बालवाडीत जाऊ लागलेल्या रमोनाच्या मनात आपण शिरतो, आणि लहान माणसाकडे कुणी लक्ष देत नसेल तर त्याला थोडा आरडाओरडा आणि थोडा हट्ट करावाच लागतो, ही तिची बाजू आपल्याला पटू लागते. इथून पुढे बीझस हळूहळू कडेला सरकते. आपले प्रेम रमोनाकडे वळले, ते निम्मे तिच्या गोड स्वभावामुळे आणि निम्मे लेखिकेने खुर्ची उचलून तिच्या शेजारी मांडल्यामुळे. आपली मुलगी ज्याबद्दल कुरकुरते आहे, ते हेच.

म्हणून माझी सूचना अशी, की काही दिवस १९५५ च्या पुस्तकाकडे परत जावे. त्यातले दोन प्रसंग आपल्या मुलीसोबत सावकाश वाचण्याजोगे आहेत. पहिला वाचनालयाचा. वाचनालयातून आणलेले पुस्तक आपल्याकडेच राहावे, म्हणून रमोना त्याच्या पानापानावर गिरगटून ठेवते. भरपाई द्यावी लागते आणि भरपाई दिल्यावर पुस्तक रमोनाचेच होणार, म्हणजे खोडी करणाऱ्यालाच बक्षीस मिळणार, हे बीझसच्या लक्षात येते. तिची ही अडचण ग्रंथपाल बाई ऐकून घेतात आणि पुस्तक बीझसच्या स्वाधीन करतात. क्लिअरी स्वतः बालविभागात ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या. थोरल्या मुलाचा न्याय एखाद्या परक्या मोठ्या माणसाने करावा आणि तो घरातल्या कुणाला सुचू नये, ही खोच त्यांना नेमकी ठाऊक असली पाहिजे.

दुसरा प्रसंग बीझसच्या वाढदिवसाचा. रमोनाच्या करामतींनी एक सोडून दोन केक वाया जातात. एकात अंड्यांची टरफले जातात आणि दुसऱ्यासोबत भट्टीत रबरी बाहुली भाजून निघते. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बीझस कबूल करते, की कधी कधी तिला रमोना मुळीच आवडत नाही. आई आणि मावशी तिला रागावत नाहीत. दोघी एकमेकींकडे बघून हसू लागतात, आपल्या लहानपणीची भांडणे एकेक करून बाहेर काढतात, आणि प्रत्येक क्षणी बहीण आवडलीच पाहिजे असे काही नाही, हे बीझसला त्यातून समजते. मुलांच्या वाङ्मयात इतकी प्रामाणिक पाने मी फार कमी वाचली आहेत. आपल्याकडच्या कथांतून ताई बहुधा मायेची मूर्ती असते आणि दादा पाठीराखा; त्यांना राग येऊ देण्याची सोय आपण क्वचितच ठेवतो. आपल्या बहिणीशी किंवा भावाशी झालेले एखादे खरे भांडण आपण त्या रात्री मुलीला सांगितलेत, तर पुस्तकाचे काम पूर्ण होईल.

आणखी एक. घरातल्या धाकट्याला कौतुकाने कुणी "आमचा रमोना" म्हणत असेल, तर ते मात्र आजपासून बंद करावे. पुस्तकातल्या मुलीचा लळा हा निरुपद्रवी आहे. तो घरातल्या मुलाच्या खात्यावर जमा होऊ लागला, की थोरलीला त्याच्या प्रत्येक खोडीबरोबर एक साहित्यिक समर्थनही सोसावे लागते.

प्रश्न : मी सत्तरी ओलांडलेला गृहस्थ असून नातीच्या निमित्ताने मुलांची पुस्तके पुन्हा वाचतो आहे. शांता शेळके यांनी मराठीत आणलेल्या 'चौघीजणी'मधली धाकटी एमी मला फार आवडते; नातीला एमीची थोरली बहीण जो आवडते. पण एमी मोठी होऊन शहाण्यासारखी वागू लागली, की माझे लक्ष उडते. त्यापेक्षा ज्यांतली मुले लहानच राहतात अशा माला मला बऱ्या वाटतात. या वयात असली आवड बाळगणे हास्यास्पद आहे काय?
— एक ज्येष्ठ वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : आवडीला वयाची अट घालणारे शहर आपले नव्हे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून या संस्थानात सार्वजनिक वाचनालयांची घडी बसवली, ती वाचणाऱ्याला पुस्तक मिळावे म्हणून. कोणी काय वाचावे हे ठरवण्यासाठी नव्हे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून नातीच्या नावावर पुस्तके आणत असाल, तर पुढच्या वेळी ती खुशाल स्वतःच्या नावावर घ्यावीत.

आपल्या आवडीत गंमत अशी, की धाकट्या पात्राचे वय हा लेखकापुढचा मोठाच पेच असतो. रमोनाची पुस्तके १९५५ ते १९९९ अशी ४४ वर्षे निघत राहिली आणि एवढ्या काळात ती चार वर्षांची होती ती चौथीच्या वर्गापर्यंत पोहोचली. एनिड ब्लायटन यांच्या पाच जणांच्या साहसमालेत १९४२ ते १९६३ या काळात २१ कादंबऱ्या झाल्या, तरी सर्वांत लहान ॲन ही सुट्टीमागून सुट्टी सामान लावणारी, खाण्यापिण्याचे पाहणारी आणि अंधाराला भिणारी मुलगीच राहिली. साहसकथेत धाकट्याचे स्थान बहुतेक वेळा लिंबूटिंबूचे असते. ज्या मुलांना घरीही तीच जागा मिळते, त्यांना ॲनचा राग येतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

'चौघीजणी'च्या मूळ लेखिका लुइझा मे ऑल्कॉट यांनी मात्र एमीला वाढू दिले आणि त्याचे कारण त्यांच्या घरातच होते. चार बहिणींत लुइझा दुसरी, आणि एमी बेतली ती सर्वांत धाकट्या मे या बहिणीवरून, जी पुढे खरोखरच चित्रकार झाली. १८६८ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीतली चित्रेही मेनेच काढली होती. नाटकाला बरोबर नेले नाही म्हणून एमी जोचे हस्तलिखित जाळून टाकते, आणि दुसऱ्याच दिवशी बर्फ पातळ असल्याची सूचना जो तिला देत नाही व एमी पाण्यात पडते, हा प्रसंग आपल्याला आठवत असेलच. तिथे लेखिका कुणाचीही बाजू घेत नाही. धाकटीचा सूड आणि थोरलीचा सूड शेजारी शेजारी ठेवते, आणि दोन्हींची किंमत दोघींकडून वसूल करते. ज्या मुलीच्या हातून एवढे घडून गेले आहे, तिला कायम बारा वर्षांची ठेवणे लेखिकेला जमले नसते. १८७९ साली मे बाळंतपणानंतर वारली आणि तिच्या लहानग्या मुलीला लुइझानेच सांभाळले. हे ठाऊक असले, की मोठ्या झालेल्या एमीची प्रकरणे थोडी वेगळ्या नजरेने वाचता येतात. आपण ती एकदा सलग वाचावीत अशी माझी विनंती आहे. नंतरही ती रुचली नाहीत, तर सोडून द्यावीत. आपल्या नातीला जो आवडते, त्या अर्थी घरात दोन्ही बाजूंचे वकील हजर आहेत.

प्रश्न : आमची मुलगी पाच वर्षांची आहे आणि दोन महिन्यांनी घरात दुसरे बाळ येईल. तिला आतापासून लहान भावंडांच्या गोष्टी वाचून दाखवल्या, तर बाळाविषयी माया वाटू लागेल काय?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : केवळ गोष्टींनी माया उत्पन्न होईल असे मी म्हणणार नाही. गोड बाळांच्या गोष्टी ऐकून मुलीची अपेक्षा वाढते आणि प्रत्यक्षात येते ते रात्रंदिवस रडणारे गाठोडे, तेव्हा ती आणखीच खट्टू होते. ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजजवळच्या ४० कुटुंबांत दुसरे मूल येण्याच्या सुमारास केलेले निरीक्षण १९८२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. बाळाला आत्ता काय हवे असेल, ते का रडत असेल, याविषयी ज्या आया थोरल्याशी बोलत असत, त्यांच्या मुलांचे पुढे एकमेकांशी अधिक जमले, असे त्यांना आढळले. तेव्हा पुस्तकाइतकेच हे बोलणे महत्त्वाचे आहे.

तरीही एक प्रसंग सुचवतो. १९८४ च्या पुस्तकात रमोना स्वतःच ताई होते. नव्या बाळाला भेटायला इस्पितळात गेल्यावर लहान मुलांना वर सोडत नाहीत, म्हणून तिला खाली एकटीला बसावे लागते आणि तिच्या अंगाला खाज सुटू लागते. तिथले डॉक्टर तिला तपासतात, भावंड आल्याने होणारा हा तीव्र विकार आहे असे गंभीर चेहऱ्याने सांगतात आणि औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देतात, की हिच्याकडे लक्ष द्यावे. चिठ्ठी अर्थातच वडिलांच्या हाती द्यायची असते. हे पुस्तक पाच वर्षांच्या मुलीला मोठे पडेल, त्यामुळे हा एवढाच प्रसंग तोंडी सांगावा, आणि शक्य तर तो तिच्या वडिलांनी सांगावा.