किल्ला तुझा की मुलांचा?

पत्र थोडक्यात असं: "ताई, आम्ही हॅम्बुर्गला राहतो. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५. लहानपणी साताऱ्याला करायचो तसा दिवाळीत बाल्कनीत किल्ला करायचाच हा माझा हट्ट. पण मुलं अर्ध्या तासात कंटाळून आत पळतात, मग रात्री मी एकटीच बुरूज थापत बसते आणि रडू येतं. नवरा म्हणतो कशाला एवढा पसारा. सोडून देऊ का?"

अगं सोडू बिडू नकोस. पण मला सांग, साताऱ्याला तुमचा किल्ला तुझ्या आईने केला होता का? नाही ना. आई काय करायची, तर गोणपाट देताना कुरकुर करायची, चिखलाचे पाय घरात आणलेत तर बघा म्हणून ओरडायची आणि शेवटी चकल्या बाहेर आणून द्यायची. विटा कुठून ढापायच्या, माती कोणाच्या परसातली, पलीकडच्या गल्लीतल्यांचा किल्ला आपल्यापेक्षा उंच झाला तर काय, हे सगळं पोरांचं राजकारण असायचं. तू किल्ला नेलास तिकडे, पण गँग नाही नेलीस, आणि वर मुकादम स्वतःच झालीस. आईच्या देखरेखीखाली तटबंदी थापायला नऊ वर्षांचा पोरगा कंटाळणार नाही तर काय.

त्यापेक्षा त्याच्या वर्गातली दोन-तीन पोरं बोलव एखाद्या शनिवारी. चिखलात खेळायच्या रबरी पँटी तिथल्या बऱ्याच पोरांकडे असतातच, वेगळं काही समजवावं लागणार नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले आले ना, रायगड, सिंधुदुर्ग, पार तमिळनाडूतला जिंजी, त्यांचे फोटो दाखव आणि यातला कुठला करायचा ते त्यांनाच ठरवू दे. मग त्यावर डायनोसॉर चढला तर चढू दे गं. महाराजांची जागा वर मोकळी ठेवायची एवढीच अट घाल.

कुंडीची विकतची माती भुसभुशीत असते, नुसती थापली की ढासळते, त्यात चिकणमाती मिसळ, आत खोके आणि जुनी चादर, आणि खाली जाड प्लास्टिक नक्की घाल नाहीतर खालच्या मजल्यावरचे दार वाजवतील. हिरवळीसाठी अळीव शोधत बसू नकोस, तिकडे क्रेसे म्हणून जे बी मिळतं ते अळीवच. फक्त त्या थंडीत बाहेर पेरलंस तर रुसून बसेल, घरात ओल्या कापसावर आठवडाभर आधी उगवून घे आणि मग नेऊन लाव.

धाकटीचं तर अजून सोपं आहे. ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणासाठी किंडरगार्टनमध्ये मुलं कंदील करतातच, त्याच कागदाचा आणि गोंदाचा एक आकाशकंदील घरी होऊन जाईल, वाकडा झाला तरी तोच लावायचा. आणि पहिल्या आंघोळीचं म्हणशील तर तुमची चैनच आहे, सूर्यच सातनंतर उगवतो, सहाला उठवलंस तरी कोणी नरकात जात नाही.

आता रडण्याचं. मला नाही वाटत ते किल्ल्यासाठी आहे. तुला तुझी भावंडं हवी आहेत, ती गल्ली हवी आहे आणि ते काम तू पोरांकडून करून घ्यायला बघतेस, त्यांना ते कसं जमणार? म्हणून तुझा एक वेगळा छोटा किल्ला कर, खिडकीत ताटलीएवढा, कोणालाही मदतीला न बोलावता, आणि करताना भावाला नाहीतर बहिणीला व्हिडिओ कॉल लाव. बुरूज चुकलाय म्हणून तिकडून बोलणी खाशील, खा.

नवऱ्यावर फार चिडू नकोस. फ्लॅटमध्ये वाढला असेल तर त्याने कदाचित आयुष्यात किल्ला केलाच नसेल, त्याला खरंच तो पसाराच दिसत असणार. त्याच्या घरी दिवाळीत काय असायचं ते विचारलंयस का कधी? नसेल तर विचार, आणि तेही एक यावर्षी करा. तोवर विटा आणायला त्यालाच पाठव.