खेळवत नाहीत, मग जातोस कशाला?

‘ताई, मुलगा शाळेच्या टीममध्ये आहे, पण त्याला मैदानात उतरवतच नाहीत. काढून घेऊ का?’

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी आईवडिलांकडून हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला दर हिवाळ्यात येतो. कधी फोनवर, कधी गणपतीत किंवा संक्रांतीला जमलेल्या घोळक्यात बाजूला घेऊन. खेळ बहुतेक वेळा गेलिक फुटबॉल असतो. मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा अंधार पडल्यावर चिखलाने माखून घरी येतो. मॅचच्या दिवशी तास बुडतात. आणि एवढं करून साठ मिनिटं जॅकेट घालून बेंचवर बसायचं. आईवडिलांना या व्यवहाराचा हिशेब लागत नाही. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून त्यावर नीट लिहिते.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी आधी खेळाविषयी. एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांच्या पुढे नुसता धरून पळता येत नाही. तो जमिनीवर आपटावा लागतो, नाहीतर पायाने टोलवून परत हातात घ्यावा लागतो, त्याला सोलो म्हणतात. जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक, आणि २०२५ पासून बऱ्याच लांबून तसा मारला तर दोन. १८८४ मध्ये टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी एका हॉटेलात जीएए (गेलिक अॅथलेटिक असोसिएशन) ही संघटना स्थापन झाली, आणि आजही हा खेळ हौशीच आहे. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८२ हजारांसमोर खेळणारा गडी सोमवारी शाळेत शिकवायला किंवा बँकेत कामाला जातो. म्हणून इथे शाळेची टीम ही फार मोठी गोष्ट असते. लेन्स्टर, अल्स्टर, मन्स्टर आणि कॉनाक्ट या चार प्रांतांत आधी आपापली स्पर्धा होते आणि तिथले विजेते अखिल आयर्लंड फेरीत जातात. सर्वांत वरच्या गटातला होगन कप १९४६ पासून खेळला जातो. छोट्या शाळांसाठी खालचे गट आहेत. ऑक्टोबरच्या सुमारास सुरू झालेली ही धाव टीम जिंकत राहिली तर मार्चपर्यंत चालते.

मेख इथेच आहे. प्रत्येक विजयाबरोबर ट्रेनिंगचे आणखी काही आठवडे वाढतात. १ ते १५ नंबरची जर्सी घालणाऱ्यांना ती पर्वणी असते. १६ पासून पुढच्यांना, म्हणजे बेंचवरच्यांना, तसं वाटेलच असं नाही.

ईशानची जर्सी २४ नंबरची. (नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशीलही.) अकराव्या वर्षी पुण्याहून इथे आला, आता फिफ्थ इयरला, म्हणजे आपल्या अकरावीला. वर्गातली मुलं पाच-सहा वर्षांची असल्यापासून गावातल्या क्लबात खेळलेली. ईशानने चेंडू हातात घेतला तेव्हा तो त्यांच्या पाच वर्षं मागे होता. तरी पायात वेग होता, त्या जोरावर तीस जणांच्या पॅनलमध्ये आला. टीम लेन्स्टरच्या फायनलला पोचली, त्या आठवड्यात त्याचे वडील माझ्याकडे आले.

‘मॅडम, सरळ सांगतो. टीम जिंकत चालली आहे आणि हा एकदाही उतरला नाही. दोन तास बसने जायचं, बसायचं, परत यायचं. तेवढ्या वेळात मॅथ्स झालं असतं. ख्रिसमसच्या परीक्षेत मार्क पडलेत.’

‘तो स्वतः काय म्हणतो?’

‘काहीच म्हणत नाही. जेवत नाही नीट. रात्री जागा असतो.’ जरा थांबून ते म्हणाले, ‘आणि त्या टीममध्ये आपल्यासारखा दिसणारा तो एकटाच आहे. मनात येतंच ना.’

येतंच. मनात आलेलं दाबायचं नसतं, तपासायचं असतं. या शंकेकडे मी पुढे येणार आहे.

ईशान सुरुवातीला विचारलं तेवढंच बोलायचा. मी त्याला एकेका मॅचविषयी विचारत गेले. मला त्यातलं तंत्र कळत नाही, पण माणूस काय सांगतो आणि काय गाळतो हे ऐकायला मी वर्षानुवर्षं कान तयार केले आहेत. पहिल्या मॅचचं त्याने अगदी रंगवून वर्णन केलं. पाऊस, वारा, कुणाचा पास कुठे चुकला, गोलकीपर कसा घसरला. पुढच्या मॅचचं त्याहून थोडं कमी. टीम जसजशी पुढे गेली तसतसं त्याचं सांगणं आखडत गेलं. सेमीफायनल एक्स्ट्रा टाइममध्ये जाऊन एका गुणाने जिंकली होती. सगळ्या हंगामातली सर्वांत थरारक मॅच आणि ईशानने ती दोन वाक्यांत संपवली.

मी तिथेच थांबले.

‘शेवटची पाच मिनिटं तू काय बघत होतास?’

‘घड्याळ.’

‘कसं संपावं असं वाटत होतं?’

तो बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, समोरच्याला त्याचा वेळ द्यावा.

‘हरावं,’ तो म्हणाला. मग एकदम बांध फुटल्यासारखं आलं सगळं. ‘पाच नंबरवर खेळतो ना, तो माझा बेस्ट फ्रेंड आहे. ट्रेनिंगनंतर त्याची आई मला रोज घरी सोडते. आणि मी मनात म्हणत होतो, याच्या हातून चेंडू सुटू दे. जिंकलो तेव्हा सगळे मैदानात धावले. मीपण धावलो. त्याने येऊन मला मिठी मारली. मला वाटलं, आता उलटी होईल.’

घरचे समजत होते, खेळायला मिळत नाही म्हणून पोरगं उदास आहे. उदासी होतीच, पण ती वरवरची. झोप उडाली होती ती दुसऱ्याच गोष्टीने. सोळा वर्षांच्या त्या मुलाने मनातल्या मनात स्वतःला गद्दार ठरवलं होतं आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आईवडिलांना सांगावं तर ते म्हणणार, मग सोड की टीम. मित्राला सांगणं तर शक्यच नाही.

‘बेंचवर तुझ्याबरोबर अजून किती जण होते?’ मी विचारलं.

‘चौदा.’

‘त्यांतल्या एकाच्याही मनात हे आलं नसेल?’

त्याने मान वर केली. एकेक चेहरा आठवत असावा. ‘एकवीस नंबर... तो तर हाफटाइमपासून पाठ करून बसला होता.’ आणि माझ्यासमोर तो पहिल्यांदाच हसला. पुढच्या भेटीत त्याने सांगितलं, की बसमध्ये एकवीस नंबरला त्याने हळूच विचारलं होतं. ‘तो म्हणाला, प्रत्येक मॅचला!’

व्हिएन्नाचे आल्फ्रेड अॅडलर शंभर वर्षांपूर्वी मुलं, पालक आणि शिक्षक यांना एकत्र बसवून सल्ला देत. मी त्यांच्या विचारांवर घडले आणि जितकं जास्त काम करते तितका तो विचार मला अधिक पटत जातो. माणसाला चार लोकांत आपली जागा लागते, आणि ती जागा आपल्या उपयोगातून मिळते. आपली टीम हरावी असं वाटणारं मूल दुष्ट नसतं. ज्या गोष्टीत आपल्याला जागाच नाही, ती संपावी एवढंच त्याला हवं असतं. टीम हरली की दुसऱ्या दिवशी सगळे सारखे. हे एकदा कळलं, की अपराधीपणावर उपदेश करत बसावं लागत नाही. जागा शोधायच्या कामाला लागता येतं.

ही जागा मोठ्यांच्या कौतुकाने मिळत नाही. ‘बेंचवरचे पण तितकेच महत्त्वाचे असतात रे’ हे वाक्य मुलांना खोटं वाटतं, आणि नुसतं बोलण्यापुरतं असेल तर ते खोटंच असतं. म्हणून ईशानने स्वतः कोचकडे जायचं ठरलं. वडील फोन करायला तयार होते, मी नको म्हटलं. ‘मला का खेळवत नाही?’ असं विचारलं तर कोचला सफाई द्यावी लागते आणि बोलणं तिथेच संपतं. आम्ही प्रश्न बदलला. ‘सर, फायनलला दोन आठवडे आहेत. मी काय केलं तर टीमला उपयोग होईल?’ हे एक वाक्य म्हणायला त्याला पूर्ण एक भेट सराव लागला.

कोचने त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कडू होती. चेंडू मिळाल्यावर तू एक सोलो जास्त घेतोस, तोवर दोघं येऊन तुला घेरतात. दुसरी गोष्ट म्हणजे एक काम. समोरच्या शाळेचा बारा नंबर, डावा हाफ-फॉरवर्ड, फार वेगवान होता. त्याला अडवायचं काम आपल्या पाच नंबरचं, म्हणजे ईशानच्या त्याच मित्राचं. आणि पॅनलमध्ये तेवढा वेग फक्त ईशानच्या पायात. ‘दोन आठवडे तू बारा नंबर हो. त्याला सोडू नकोस.’

ईशानने नाही सोडलं. मित्र दोनदा चिखलात आपटला, एकदा चिडून शिवी दिली, मग स्वतःच म्हणाला, अजून एकदा ये.

हे चालू असताना मी वडिलांना वेगळं बोलावलं. मॅचहून घरी आल्यावर पहिला प्रश्न काय विचारता, असं विचारलं.

‘खेळवलं का, हाच. दुसरं काय विचारणार?’

‘तुम्ही काही खेळायचात का?’

त्यांचा चेहरा खुलला. ‘कबड्डी. शाळेतून जिल्ह्यापर्यंत गेलो होतो. उजवा कोपरा.’

‘सातात?’

‘कायम सातात.’

‘मग राखीव पाच जणांपैकी कोण आठवतात?’

दोन नावं आली. मग ते म्हणाले, ‘त्यातला एक रोज संध्याकाळी माझ्यावर चढाया करायचा. माझी घोट्याची पकड सगळी त्याच्यावरच बसली. गुडघे फुटायचे बिचाऱ्याचे.’

‘तो कधी मॅचला उतरला?’

ते गप्प झाले. ‘नाही आठवत,’ म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मी त्यांना आणखी काही समजावलं नाही. त्यांच्या मुलाने त्या आठवड्यात काय केलं ते फक्त सांगितलं. ईशानने तशी परवानगी दिली होती. सेमीफायनलची गोष्ट मात्र त्याची होती, ती माझ्याकडेच राहिली.

आता ती शंका. रंगामुळे डावललं जात असेल का? ही भीती पोकळ नाही. १९९५ मध्ये डब्लिनला अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातला जेसन शरलॉक, ज्याचे वडील हाँगकाँगचे, त्याने मैदानावर झेललेल्या वर्णद्वेषाविषयी उघडपणे सांगितलं आहे. म्हणून मी पालकांना बारीक गोष्टी बघायला सांगते. सरावात त्याला पास मिळतो का? टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो आहे ना? त्याच्या नावाची टिंगल होते का? त्याच्यापेक्षा उघड कच्चा मुलगा सतत पुढे जातोय का? उत्तरं वाईट आली तर, किंवा रंगावरून एक शब्द जरी कुणी बोललं तर, मुलाला ‘दुर्लक्ष कर’ सांगू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा आणि लेखी द्या. जीएएच्या नियमांतही वर्णद्वेषी वागणुकीला शिक्षा आहे. तिथे मुलाने एकट्याने जायचं नाही, आईवडिलांनीच पुढे व्हायचं. ईशानच्या बाबतीत आम्ही हे सगळं तपासलं. त्याच्या बेंचवर बसण्यामागे ती पाच वर्षं होती.

मुलाला काढून घ्यावं अशीही वेळ असते. सरावातही त्याला कोणी विचारत नसेल, कोच साध्या प्रश्नाचंही उत्तर देत नसेल, ट्रेनिंगच्या दिवशी सकाळपासून पोटात दुखत असेल, तर जरूर काढा. पण ‘खेळवत नाहीत’ एवढ्या एका कारणाने काढू नका. तुम्ही वेळ वाचवलात असं तुम्हाला वाटतं, मुलाला मात्र आपण कुठेच उपयोगाचे नाही असं वाटत राहतं. आणि पहिला प्रश्न बदला. ‘आज तू काय केलंस?’ असं विचारा आणि उत्तर लांबलं तर लांबू द्या.

फायनल दोन गुणांनी जिंकली. समोरच्या बारा नंबरला सबंध मॅचमध्ये एकच गुण घेता आला. ईशान उतरला नाही. मार्चच्या सुरुवातीला अखिल आयर्लंड सेमीफायनलमध्ये टीम हरली. ती मॅच हातातून गेल्यावर शेवटची आठ मिनिटं तो खेळला. त्याला तीनदा चेंडू मिळाला आणि तिन्ही वेळा त्याने सोलो न घेता लगेच पास दिला. हे मला त्याच्या वडिलांनी सांगितलं, अगदी कोणाला दिला त्यासकट.

पुढच्या वर्षी लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली शेवटची शालेय परीक्षा. सहा विषयांचे ६२५ गुण, आणि कॉलेज त्यावर ठरतं. तेव्हा टीमचं काय, असं त्यांनी विचारलं. मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. निर्णय सप्टेंबरमध्ये घ्या, मुलाला समोर बसवून. एकदा हो म्हटलं, की टीम बाहेर पडेपर्यंत ते पाळा. जानेवारीत मार्क बघून मध्येच ओढून काढू नका. ईशानने नाव द्यायचं ठरवलं आहे आणि मॅथ्सचा क्लास ट्रेनिंग नसलेल्या दिवशी घेतला आहे. वडिलांनी ट्रेनिंगचे वार लिहून घेतले. मित्राच्या आईवर रोजचा भार नको, निम्मे दिवस दोन्ही मुलांना ते आणणार आहेत.