"मॅम, बोर होतं": सातवीतल्या गवयाचा किस्सा

जुलै लागला की माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. शाळा लागलेली असते, कोचिंगच्या वेळा ठरलेल्या असतात, संध्याकाळच्या क्लासची फी भरलेली असते (हे मुद्दाम सांगतात, "तीन महिन्यांची भरलीय हो ताई"), आणि सहावी-सातवीतलं पोरगं एके दिवशी चपला काढून सोफ्यावर बसतं नि म्हणतं मी आजपासून जाणार नाही. चार-पाच वर्षं केलेलं असतं. मग आईचा प्रश्न, सोडू द्यायचं का? सोडू दिलं तर सगळंच अर्धवट टाकायची सवय लागेल, नाही सोडू दिलं तर रोज घरात महाभारत. ग्वाल्हेरात इतकी वर्षं मुलांच्या समुपदेशनाचं काम करतेय, दर वर्षी हा प्रश्न येतो आणि दर वर्षी मला वाटतं की याचं उत्तर आपल्याला पाठ आहे. मागे एका मुलानं ते सपशेल चुकवलं, तेच सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, जुनं मराठी. पहिल्या भेटीला आई-बाबा, मुलगा आणि आजोबा असे चौघं आले आणि बोलायला सुरुवात आजोबांनीच केली. त्यांचे वडील शंकर गांधर्व महाविद्यालयात शिकलेले, कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये काढलेलं ते, मग १९१८ चं माधव संगीत महाविद्यालय, भातखंडे, हे सगळं मला माहीत असूनही मी पुन्हा ऐकलं कारण इतक्या प्रेमानं सांगत होते की मध्ये तोडवेना. थोडक्यात काय तर या घरात गाणं म्हणजे 'ॲक्टिव्हिटी' नाही, घराण्याचा मामला आहे. नातू दुसरीपासून गातोय, गोड गातोय, यंदा प्रवेशिकेचा, म्हणजे गाण्याच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा आणि साहेब म्हणतात जाणार नाही.

साहेब, म्हणजे आपला गवई, मोबाईलच्या कव्हरची कड नखानं सोलत बसलेला. विचारलं, काय होतं रे? खांदे उडवले.

"बोर होतं, मॅम."

बस, एवढंच. या वयात 'बोर' म्हणजे पातेल्यावरचं झाकण असतं, खाली गार कढी असेल नाहीतर उकळतं तेल, वरून काही कळत नाही. पण मी त्या दिवशी झाकण उचललंच नाही, कारण मला कागदावर उत्तर दिसलं.

कागद म्हणजे आठवड्याचं टाइमटेबल, मी सगळ्यांकडून भरून घेते. शाळा साडेसात ते दीड, चार ते सहा कोचिंग, सोम-बुध-शुक्र साडेसहाला गाणं, शनिवार-रविवार दुपारी सिटी सेंटरला रोबोटिक्स, जेवण, मग होमवर्क, झोपायला सव्वाअकरा आणि उठायला सहा. म्हणजे पावणेसात तास झोप. बारा वर्षांपर्यंतच्या शाळकरी मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरानंतर आठ ते दहा, आणि हा साडेबाराचा! जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पोरांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं खेळावं, आणि हा पळणार कधी तर ई-रिक्षा पकडायला. मी म्हटलं ओझं झालंय, एक काहीतरी कमी करा. बाबा लगेच म्हणाले गाणं तर थांबवता येणार नाही, मग रोबोटिक्स बंद. मुलगा काहीच बोलला नाही. मी ती संमती समजले. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मी गप्प बसलेल्या पोराला संमती समजले, याची अजून लाज वाटते.

दोन आठवड्यांनी आईचा फोन. सोमवारी पोट दुखतं, बुधवारी उलटी झाली, शुक्रवारी बाथरूममधून बाहेरच येईना, आणि घरात बोलणंच बंद केलंय, हो-नाही मानेनं.

या वेळी मी त्याला एकट्याला आत घेतलं. आजोबांना बाहेर चहा दिला (दोनदा द्यावा लागला). गाण्याचं नावच काढलं नाही, म्हटलं रोबोटिक्समध्ये काय चाललं होतं? आणि हा मुलगा बोलायला लागला की! काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी, खाली दोन सेन्सर, एक पट्टीवरून सरकला की मोटर वळते, त्याची गाडी वळणावर सारखी बाहेर जायची आणि तो ते ठीक करतच होता तेवढ्यात... आणि इथे 'तेवढ्यात'च्या 'ते'वर आवाज एकदम चिरकला, वर गेला आणि फुटला. त्यानं इतक्या झटकन तोंड मिटलं की दात वाजले. पाणी प्यायला. पुढचं वाक्य कुजबुजत.

आणि मला कळलं की घरात हा मानेनं का बोलतो.

ग्वाल्हेरात राहून आम्हा सगळ्यांनाच थोडं गाणं येतं, निदान दुसऱ्याच्या चुका काढण्यापुरतं. मी विचारलं, "क्लासमध्ये कुठल्या पट्टीत गातोस?"

"काळी चार."

"अजून?"

"सगळ्याच काळी चारमध्ये गातात."

सगळ्याच. बॅचमध्ये अकरा जणं, त्यातल्या नऊ मुली, एक आठ वर्षांचा चिमुरडा आणि हा. काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी 'सा' धरून गायचं, ही बायकांची, लहान मुलांची उंच पट्टी, पुरुष साधारण काळी एक-दोनच्या आसपास गातात, पण सगळी बॅच एका हार्मोनियमवर चालते तर पट्टीही एकच.

"आणि वरचा सा?"

बराच वेळ पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "लागत नाही. फाटतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची प्रॅक्टिस, भूपची बंदिश, अंतरा याला एकट्याला उचलायला सांगितला आणि तार सा वर आवाज कोंबड्यासारखा गेला. पुढच्या दोन मुली हसल्या, मुद्दाम नाही, हसू आलं. गुरुजी म्हणाले रियाज कमी पडतोय. तेव्हापासून हा क्लासमध्ये नुसते ओठ हलवत होता, म्हणजे आठवड्यातून तीनदा एक एक तास न गाता गाण्याचं सोंग. घरी आवाज बसलाय म्हणून आजीनं ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं केलं आणि शेवटी हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी नेऊन तिथल्या चिंचेचा पाला खायला लावला, आमच्याकडे गाणारे लोक खातात, गळा गोड होतो म्हणतात. "मूठभर खाल्ला मॅम. काहीच नाही झालं. फक्त दात आंबले." आणि सगळ्यात वाईट हे की त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं की उन्हाळ्यात लपून फ्रीजचं पाणी प्यायलो त्यामुळे आवाज कायमचा गेलाय, आणि हे आजोबांना कळलं तर संपलंच.

पोट दुखणार नाही तर काय होईल?

मी कागदावर गळ्याचं चित्र काढलं, वाईट काढलं, तो हसला. सांगितलं की याला कंठ फुटणं म्हणतात, मुलांमध्ये साधारण बारा ते चौदाच्या सुमाराला स्वरयंत्र भराभर वाढतं, आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. विचारलं, तंबोऱ्यात खर्जाची तार जाड का असते? "सूर खाली पाहिजे म्हणून." मग तुझ्या गळ्यात सध्या कोणीतरी जाड तार चढवतंय, चढवताना करकर होणारच. साधारण एक सप्तक आवाज खाली येतो, काही महिन्यांत किंवा वर्ष-दोन वर्षांत बसतो, आणि फ्रीजच्या पाण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. (घसा दुखत असेल किंवा आवाज आठवडेच्या आठवडे बसलेलाच असेल तर मात्र ईएनटीला दाखवा, ते वेगळं.) तो म्हणाला, "म्हणजे मी काही केलं नाही?" हे त्यानं तीनदा विचारलं.

आता ज्या आया मला विचारतात सोडू द्यायचं का, त्यांना मी आधी विचारते की नेमकं कधीपासून, आणि त्या सुमाराला मुलाच्या अंगात काय बदललं. कारण सहावी ते आठवी या तीन वर्षांत पोरांचं शरीर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदलतं आणि क्लास मात्र आठ वर्षांच्या मुलाला घेतलं तसाच चालू असतो. स्वीमिंग एकदम नको म्हणणारी मुलगी बरेचदा पाण्याला नाही, महिन्याच्या त्या चार दिवसांना आणि चेंजिंग रूमच्या न लागणाऱ्या कडीला घाबरलेली असते. स्केटिंगमध्ये मागच्या वर्षी पहिला येणारा उंची वाढल्यावर धडपडतो, मग म्हणतो बालिश खेळ आहे. तोंडानं सगळे बोरच म्हणतात. खरंच मन उडालेलीही असतात, नाही असं नाही, पण त्यांना बघून कळतं, ती मोकळेपणानं सांगतात आणि दुसरं काय करायचंय तेही सांगतात, त्यांना खुशाल सोडू द्या, पाच वर्षं वाया गेली वगैरे अजिबात म्हणू नका. पोट दुखतं ते दुसऱ्यांचं. आणि अजून एक बघा, घरात कोणी सांगितलेलं नसताना मूल ती गोष्ट करतं का. आमचा गवई आंघोळ करताना गुणगुणायचा, ते जूनपासून बंद होतं. आईला मी विचारल्यावर आठवलं.

घरी सांगताना बाबा आधी लाजले आणि मग म्हणाले माझा नववीत फुटला होता, वर्गात 'हजर सर' म्हणायची चोरी. मी म्हटलं अहो मग हे त्याला का नाही सांगितलं? म्हणे विषयच नाही निघाला. आपल्याकडे मुलींशी निदान आई काहीतरी बोलते, मुलांशी कोणीच काही बोलत नाही, त्यांनी सगळं यूट्यूबवरून शिकावं अशी अपेक्षा. आजोबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले या दिवसांत जोर लावून गायचं नसतं हे तर मला माहीत होतं, माझ्या लक्षात कसं नाही आलं.

गुरुजींना मुलाच्या परवानगीनं मीच फोन केला. माणूस वाईट नाही, नऊ मुलींची बॅच सांभाळतोय. पट्टी उतरवता येणार नाही म्हणाले, बरोबरच आहे, एका मुलासाठी सगळ्यांनी खर्जात का गावं. मग असं ठरलं की यंदा प्रवेशिकेचा फॉर्म भरायचा नाही, बॅचमध्ये गायचं नाही, आठवड्यातून एकच दिवस जायचं आणि हार्मोनियमवर बसायचं, आणि घरी आजोबांबरोबर दहा मिनिटं खालच्या सुरात हळू आकार (नुसता 'आ' लावून गायचं), जिथे फाटेल तिथे थांबायचं. हार्मोनियम त्याला फार आवडली असं नाही. "ठीक आहे" म्हणाला. पण पोटदुखी गेली, झोपही साडेदहाला आली.

रोबोटिक्सचं मात्र माझ्या हातून गेलं ते गेलं. परत पाठवायचं म्हटलं तर बॅच फुल, आता एप्रिलशिवाय नाही. गाडी वळणावर बाहेर जातच राहिली असेल.

फेब्रुवारीत सहज फोन केला. पलीकडून भारदस्त आवाजात "हॅलो" आला, मी म्हटलं नमस्कार, चिरंजीव कसे आहेत तुमचे?

"मॅम, चिरंजीवच बोलतोय." मग जरा थांबून, "बाबांना सांगाल का प्लीज, रोबोटिक्सचा फॉर्म या वेळी मार्चमध्येच भरायला लागेल?"