तुमचे प्रश्न: दोन ॲपचं एक झालं, मग खर्च कसा वाढला?

प्रश्न: आमच्याकडे सासूबाईंच्या स्टार प्रवाहच्या मालिकांसाठी हॉटस्टार होतं आणि मुलगा जिओसिनेमावर आयपीएल फुकट बघायचा. आता दोन्हीचं एकच झालंय आणि मॅचला पण पैसे मागतात. दोन कंपन्या एक झाल्या की स्वस्त नको का व्हायला? – एक गृहिणी, सातारा

उत्तर: ताई, तुमचा राग बरोबर आहे. पण ते फुकट होतं ना, ते फार दिवस चालणारं नव्हतंच. 2022 मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला, त्यात टीव्हीचे हक्क स्टारने 23,575 कोटींना घेतले आणि डिजिटलचे रिलायन्सच्या व्हायाकॉम18 ने जवळपास तेवढेच, 23,758 कोटी मोजून, आणि एवढे पैसे ओतून 2023 ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट दाखवली, का तर लोक हॉटस्टार सोडून इकडे यावेत म्हणून. आणि लोक गेलेच! 2022 मध्ये हॉटस्टारचे 6 कोटींच्या वर सबस्क्रायबर होते, 2023 च्या मध्यापर्यंत ते 4 कोटींवर आले.

म्हणजे एकाचं गिऱ्हाईक तुटत होतं आणि दुसऱ्याचे पैसे वसूल होत नव्हते. मग दोघांनी हात मिळवले, नोव्हेंबर 2024 मध्ये एकत्र कंपनी झाली, स्टार आणि हॉटस्टार ज्या कंपनीचं होतं त्या डिस्नेकडे साधारण 37 टक्के राहिले, बाकी सगळं रिलायन्सच्या बाजूला, आणि 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार आलं. आता क्रिकेटसाठी समोर तोलामोलाचा दुसरा कोणी नाही, मग फुकट कोण कशाला देईल? मला हे अजिबात आवडलेलं नाही, कारण भांडण होतं तेव्हाच आपल्याला स्वस्त मिळत होतं.

झी आणि सोनीचं पण असंच जमणार होतं, ते जानेवारी 2024 मध्ये मोडलं. म्हणून झी मराठीच्या मालिकांना झी5 आणि सोनी मराठीच्या मालिकांना सोनीलिव्ह असं अजून वेगवेगळंच आहे. सासूबाई नक्की कुठल्या मालिका बघतात ते आधी विचारा, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एवढंच असेल तर तुमचं एका ॲपमध्ये भागतं.

आणि एक, प्लॅन घेताना "फक्त मोबाइल" लिहिलंय का ते बघा. सुरुवातीला जिओहॉटस्टारचा तीन महिन्यांचा 149 चा प्लॅन मोबाइलपुरताच होता, टीव्हीवर बघायचं तर 299 चा. मी दुसऱ्याच एका ॲपचा असा मोबाइलवाला प्लॅन घाईत घेतला आणि संध्याकाळी आईला टीव्हीवर मालिका लावून द्यायला गेलो तर स्क्रीनवर नुसतं "अपग्रेड करा", आई चष्मा लावून बसलेली, परत पैसे भरले तेव्हा कुठे सुरू झालं, तोवर अर्धा भाग गेला होता. पैसे भरायच्या आधी फोनच्या रिचार्जमध्ये काय काय येतं ते पण उघडून बघा, बऱ्याचदा ॲप त्यातच मिळतं आणि आपण वेगळे पैसे भरत बसतो. ऑटोपे मात्र लगेच बंद करा, मॅचेस संपल्या तरी पैसे कापले जातात.