पत्नी माझ्या गाडीत बसायला तयार नाही

प्रश्न : ताई, मी 43 वर्षांचा असून नाशिकच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभाल विभागात काम करतो. गेली एकोणीस वर्षे गाडी चालवतो आहे आणि माझ्या हातून आजवर एकही अपघात झालेला नाही. पत्नीचे माहेर वर्ध्याचे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आम्ही सणासुदीला तिकडे गाडीनेच जातो. रस्ता सरळ आणि मोकळा असल्यामुळे मी 140-150 चा वेग ठेवतो. दिवसभर बंद पडलेल्या यंत्रांशी झगडणाऱ्या माणसाला, सगळे काही आपल्या हातात आहे असे फक्त गाडीतच वाटते. पत्नी मात्र सगळा वेळ खिडकीवरचे हँडल धरून बसते आणि पुढे ट्रक दिसला की नसलेला ब्रेक पायाने दाबते. मला ते फार लागते. एकदा रागाच्या भरात मी ‘उतरतेस का इथेच?’ असेही म्हणालो. या दिवाळीत तिने मला न विचारता स्वतःचे आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलीचे सेवाग्राम एक्स्प्रेसचे आरक्षण केले. मी एकटा गाडीने गेलो. सासरी सगळ्यांनी कारण विचारले, मेहुणा हसला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ‘तुमच्या गाडीत मी यापुढे बसणार नाही,’ असे तिने सांगून टाकले आहे. हा माझ्यावरचा अविश्वास नाही का? तिची ही भीती कशी घालवावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे पत्र प्रामाणिक आहे, कारण वेगाचा आकडा तुम्ही लपवलेला नाही, आणि पत्नीला उद्देशून बोललेले ते कठोर वाक्यही तुम्ही स्वतःहून लिहिले आहे. त्यामुळे मीही आडवळणाने लिहीत नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि देशातल्या मोठ्या रस्त्यांचा विचार केला तर ती सढळच म्हणायला हवी. त्या मर्यादेच्याही वर वीस-तीस किलोमीटरने गाडी चालत असताना शेजारी बसलेल्या बाईला भीती वाटत असेल, तर ती भीती घालवण्याचा उपाय तिच्या मनात शोधायचे काही कारण नाही. तो तुमच्या उजव्या पायाखाली आहे. अर्थात एवढेच सांगून मी थांबले, तर तुम्ही हे पान उलटून पुढे जाल आणि पुढच्या सणाला पुन्हा एकटेच वर्ध्याला निघाल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वेगात आनंद असतो हे मी नाकारत नाही, आणि तुमच्या बाबतीत तो आनंद कुठून येतो हे तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात स्पष्ट दिसते. गाडीत सगळे काही आपल्या हातात आहे असे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. हेच वाक्य एकदा डावीकडच्या आसनावर बसून वाचून पाहा. त्याच गाडीत, त्याच क्षणी, तिच्या हातात काहीही नसते. ट्रक तिलाही दिसतो, पण तुम्हाला तो दिसला आहे की नाही, तुम्ही वेग कमी करणार आहात की लेन बदलणार आहात, हे तिला कळायला काही मार्ग नसतो. तुमच्या शरीराला पुढची हालचाल आधीच ठाऊक असते आणि तिच्या शरीराला ती झाल्यावर कळते; घाटात मागे बसल्यावर ज्यांना मळमळते, त्यांनाच स्वतः गाडी चालवताना सहसा काही होत नाही, तेही याच कारणाने. तेव्हा पायाने दाबलेला तो नसलेला ब्रेक हा तुमच्या कौशल्यावरचा शेरा नाही. धोका दिसत असताना काहीच करता येत नाही, अशा माणसाचे शरीर जे करते, तेच तिचे करते आहे. त्यावर तुम्ही चिडता, आणि मग तिला दोन गोष्टींची भीती वाटू लागते, एक वेगाची आणि दुसरी रागावलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग असण्याची. ‘उतरतेस का इथेच?’ हे वाक्य तर, जिथे पायी माणसाने पाऊल टाकणेही धोक्याचे आहे अशा रस्त्यावर, मूल मागच्या सीटवर ऐकत असताना उच्चारलेले आहे. त्याबद्दल तुम्ही तिची माफी मागितल्याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही.

आता एकोणीस वर्षांकडे वळू, कारण तुमचा सगळा भार त्या एका आकड्यावर आहे. तुमचा हात चांगला आहे हे मी मान्य करते. पण तुम्ही देखभालीचे काम करता, म्हणून तुम्हालाच विचारते : एखाद्या कामगाराने यंत्राचे संरक्षक जाळीचे झाकण काढून ठेवले आणि तुम्ही हटकल्यावर तो म्हणाला, की साहेब, इतकी वर्षे असेच चालवतो आहे, बोटाला कधी साधे खरचटलेही नाही, तर तुम्ही त्याचे म्हणणे ऐकून घ्याल का? तुम्ही झाकण बसवायला लावाल, कारण त्याचा हात शाबूत आहे यावरून झाकण अनावश्यक ठरत नाही हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. अतिवेगाचेही तसेच आहे. तो प्रत्येक वेळी शिक्षा करत नाही, आणि ज्या ज्या वेळी करत नाही त्या त्या वेळी आपला आत्मविश्वास थोडा वाढवून जातो. जी गोष्ट एका चालकाच्या अनुभवात दिसत नाही, ती देशाच्या बेरजेत मात्र दिसते. 2022 या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, आणि केंद्र सरकारच्या अहवालानुसार त्यांतल्या दहापैकी सात मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण आहे.

तुम्ही यंत्रांची भाषा जाणता, म्हणून थोडे गणितही करू. रस्ता कोरडा आहे, टायर चांगले आहेत, ब्रेक उत्तम आहेत आणि अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, असे धरले तर 120 च्या वेगातली गाडी थांबायला सुमारे 130 मीटर लागतात. आता त्याच जागी, तोच अडथळा, तोच चालक आणि तेच ब्रेक घ्या, फक्त वेग 140 ठेवा. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली असती, त्या ठिकाणी दुसरी गाडी अजून ताशी सुमारे 80 किलोमीटरच्या वेगात असते. वीस किलोमीटरचा फरक टक्कर होण्याच्या क्षणी ऐंशीचा होतो, कारण दीड सेकंदात अंतरही जास्त कापले जाते आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कौशल्याने तो दीड सेकंद थोडासा कमी करता येईल. बाकीचे पदार्थविज्ञान कोणाच्याही हाताला जुमानत नाही.

तुमचा रस्ताही या बाबतीत साधा नाही. 701 किलोमीटरच्या त्या महामार्गावर मैलोनमैल वळण नाही, बाजारपेठ नाही, सिग्नल नाही, आणि नेमक्या अशाच रस्त्यावर लक्ष हळूहळू बोथट होते. डोळे उघडे असतात, पण पाहणे थांबलेले असते. जड वाहनांना तिथे 80 ची मर्यादा आहे, म्हणजे 140 ने जाताना पुढचा चालता ट्रक तुमच्याकडे ताशी 60 च्या वेगाने मागे येत असल्यासारखा असतो, आणि कडेला उभा असलेला ट्रक तर पूर्ण 140 ने. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले, हे तुमच्या पत्नीने वाचलेले आहे, आणि वर्ध्याला जाताना तो टप्पा ओलांडावाच लागतो. ती हँडल घट्ट धरते तेव्हा तिच्या मनात काय चालू असेल, याचा विचार करून पाहा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. तासन्‌तास मोठ्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना इंटरचेंजवरून खाली उतरल्यावर 80 चा वेग संथ वाटू लागतो, आणि पुढच्या साध्या, दुतर्फा वाहतुकीच्या, सायकली आणि गुरे असलेल्या रस्त्यावर माणूस नकळत फार वेगाने जात राहतो. हे सगळे करून हाती काय लागते, तेही मोजून घ्या. तुमचा महामार्गावरचा प्रवास सुमारे 500 किलोमीटरचा आहे. कुठेही न थांबता तो 120 ने केला तर चार तास दहा मिनिटे लागतात आणि 140 ने केला तर साडेतीन तासांहून थोडे अधिक. म्हणजे पस्तीस-छत्तीस मिनिटांचा फायदा होतो, तो बहुधा सासरी चहा येईपर्यंत खर्चही होत असेल. (ई-चलनाचे मी मुद्दामच काही लिहिलेले नाही. हलक्या वाहनाला वेगमर्यादा मोडल्याबद्दल 1000 ते 2000 रुपये दंड आहे आणि तो भरणे तुम्हाला जड नाही, हे मी गृहीत धरते.)

तुमची गाडी जर जुलै 2019 नंतर बनलेली असेल, तर तिच्यात वेगाचा इशारा देणारा आवाज असणार. 80 ओलांडल्यावर तो अधूनमधून वाजतो आणि 120 च्या पुढे सतत वाजत राहतो. तुमचे कान कदाचित त्याला सरावले असतील. पण तुमच्या पत्नीने आणि मुलीने तो अखंड इशारा ऐकत किती प्रवास केला असेल? मुलीचा विषय निघालाच आहे तर सांगते, की तुमच्या पत्रात मेहुण्याच्या हसण्याला जागा मिळाली आहे, पण मुलगी या सगळ्याबद्दल काय म्हणते याची एक ओळही नाही. तिला एकदा विचारा, आईसमोर नको, आणि उत्तर तुमच्या बाजूचे नसले तर वाद घालू नका. ती मागे बसून पट्टा लावते का, हेही पाहा. मागच्या सीटचा पट्टा ही शोभेची वस्तू असल्यासारखे आपण वागत आलो. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागे बसलेले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

अविश्वासाबद्दल तुम्ही विचारले आहे, त्याचे उत्तर माझ्या मते असे आहे. तुम्हाला गाडी येते यावर तिचा विश्वास आहे, नाहीतर ती इतकी वर्षे तुमच्या शेजारी बसलीच नसती. तिचा विश्वास उडाला आहे तो, आपण सांगितले तर हा माणूस ऐकेल, या गोष्टीवरचा. तोंडाने सांगून झाले, हँडल धरून झाले, पाय दाबून झाला, आणि प्रत्येक वेळी तिला राग किंवा टोमणा मिळाला; तेव्हा तिने भांडण न करता दोन तिकिटे काढली. मला तर तिचे हे वागणे फार समंजस वाटते.

म्हणून तिला आकडे, गाडीतल्या एअरबॅगा किंवा स्वतःची एकोणीस वर्षे यांतले काहीही ऐकवू नका. आधी त्या एका वाक्याची माफी मागा, आणि मग सांगा की ती किंवा मुलगी गाडीत असताना वेग ती ठरवेल, 120 च्या आत, आणि तिने 100 म्हटले तर 100. हा ठराव घरी करायचा आहे, रस्त्यावर त्याची घासाघीस करायची नाही. ‘रस्ता मोकळा आहे, जरा वाढवतो’ असे एकदाही म्हणालात तर ठराव मोडला असे समजा. सुरुवात वर्ध्यापासून करू नका. आधी त्र्यंबकेश्वर किंवा शिर्डीसारख्या जवळच्या ठिकाणी जाऊन या, ओव्हरटेक करण्याआधी काय करणार आहात ते तिला सांगत चला, दर दोन तासांनी थांबा, आणि ती गाडीत असताना तोंड पाडून बसू नका, कारण कमी वेगात मुकाट्याने दिलेली शिक्षाही शिक्षाच असते. तिला गाडी येत असेल तर परतीचा काही टप्पा तिच्याकडे द्या आणि आपण डावीकडे बसा. एवढे करूनही पुढच्या सणाला ती रेल्वेनेच जाईन म्हणाली, तर हसतमुखाने नाशिकरोडला सोडून या. भरवसा परत यायला तिला जो वेळ लागेल तो तिचा आहे.

ती गाडीत नसली तरी मर्यादा 120 चीच राहते, कारण पुढच्या गाडीतही कोणाची तरी मुलगी असतेच. वेगाची हौस फारच असेल, तर ती भागवायची रीतसर जागा शर्यतीच्या ट्रॅकवर आहे. कोइम्बतूरला आणि चेन्नईजवळ असे ट्रॅक आहेत, आणि तुमच्यासारख्या जाणकाराला तिथे शिकायला पुष्कळ मिळेल.

सासरी झालेल्या अपमानाचे राहिले. मेहुण्याने पुन्हा विचारले तर हसण्यावारी नेऊ नका आणि पत्नीच्या भित्रेपणावर तर मुळीच ढकलू नका. ‘मी फार वेगाने चालवत होतो, म्हणून ती रेल्वेने आली,’ असे तिच्या देखत, मुलगीही ऐकत असताना सांगा, आणि त्या वाक्याला ‘पण’ जोडू नका.