उत्तर सीरियातल्या कुर्दी बायकांनी बंदूक उचलली म्हणून त्यांच्या खेड्यातल्या बायकांना हक्क मिळाले का?

नाही. बंदुकीमुळे मिळाले म्हणणाऱ्यांनी फोटो पाहिलेत. तिथल्या कोबानी शहरासाठी इसिसशी झालेली लढाई (2014-15) गाजली आणि वायपीजे या बायकांच्या फौजेच्या फोटोंनी बाकी सगळं झाकून टाकलं. ही फौज 2013 ची. सीरियात असदच्या राज्यात लपूनछपून बायकांची संघटना बांधली गेली 2005 मध्ये. तीच पुढे काँग्रा स्टार झाली. त्याच भागातल्या कामिश्ली शहरात पहिलं 'माला जिन', म्हणजे बायकांचं घर, उघडलं 2011 मध्ये. आता काय आधी नि काय नंतर, ते तुम्हीच बघा.

कोलोनला आमच्या खालच्या मजल्यावर तुर्कस्तानातल्या मार्दिनकडच्या एक कुर्दी आजी राहतात. नव्वदच्या दशकात तुर्की लष्कराने त्यांचं गाव रिकामं केलं. त्यांची भाची सीमेपलीकडे सीरियात अशाच एका माला जिनमध्ये काम करायची. एकदा आजींच्या स्वयंपाकघरात तिचा फोन आला. आजी मोडक्या जर्मनमध्ये मला सांगत होत्या. एकाने दुसरी बायको आणलेली. तिथल्या कुर्दी प्रशासनाने 2014 च्या कायद्याने ते बंद केलं होतं, वारशातही मुलीला मुलाइतका वाटा दिला होता. पण कायदा दाखवून तो ऐकेना. मग माला जिनच्या समितीच्या बायका त्याच्या घरी जाऊन बसल्या. चहावर चहा. सासू चिडली, दीर ओरडले, या उठेनात. शेवटी पहिलीला घर आणि मेंढ्या लिहून द्यायला लावल्या, तेही साक्षीदारांसमोर. भाचीने आयुष्यात बंदूक धरलेली नाही.

हे मी आमच्या भाऊजींना सांगितलं. ते कॉलेजपासून चळवळीत. म्हणाले, "हे सुधारणावादी काम झालं. आधी व्यवस्था बदलली पाहिजे." हेच त्यांनी सासूबाईंनाही ऐकवलं होतं. सासूबाई 1986 साली शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेल्या होत्या, घरी भाकऱ्या थापून ठेवून. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करायच्या संघटनेच्या मोहिमेच्या वेळी मामंजींनी दोन एकर त्यांच्या नावावर केली. सातबाऱ्यावर नाव चढलं, तर भाऊजींचं म्हणणं, "नावापुरतंच आहे ते." नावापुरतं असेल तर ते काढायला मागची दहा वर्षं तलाठ्याकडे कशाला खेटे घालताय?

असो. तुम्ही विचारलंय, आपल्या महिला आघाड्यांनी काय घ्यावं. प्रत्येक पदावर एक बाई, एक पुरुष ही सीरियातल्या कुर्दांची सहअध्यक्ष पद्धत घ्या. बायकांच्या समितीचा निर्णय पुरुषांच्या बैठकीत फिरवता येऊ नये, हेही घ्या. जमिनीच्या बाबतीत मात्र त्यांचं फार कौतुक नको. सरकारी जमीन सहकारी संस्थांना दिली, त्यात बायकांच्याही संस्था होत्या. बड्या जमीनदारांना बहुतेक हात लावला नाही. अरब टोळ्यांच्या भागात तर बायकांचे कायदे नेटाने लावणंही जमलं नाही.

आणि हो, या सगळ्यामागे ओजलानने काढलेल्या पीकेकेची, म्हणजे तुर्कस्तानात लढलेल्या कुर्दी सशस्त्र पक्षाची विचारसरणी आहे, हे लपवू नये. पीकेकेने तुर्कस्तानात शाळामास्तरही मारले, स्वतःतले विरोधकही. सीरियातल्या कुर्दी फौजेत अल्पवयीन पोरं होती. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांशी करार करून ती भरती थांबवायचं कबूल करावं लागलं. मे 2025 मध्ये पीकेकेने स्वतःच विसर्जन जाहीर केलं.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल हे ठाऊक आहे. ती दोन एकर सासूबाईंचीच आहे. वाटणीच्या कागदावर त्यांची सही होणार नाही, माझ्या नवऱ्याचीही नाही.