वाचकांचे प्रश्न : ट्रंकेतलं दहा सेंटांचं कॉमिक

प्रश्न : घरच्या ट्रंकेत एक जुनं अमेरिकन कॉमिक सापडलं. कव्हर नाही. विमानांच्या लढाईच्या मधेच विनोदी पानं येतात आणि दोन पानं तर नुसता मजकूर. पानं चुकीची लागली आहेत का? साल कसं ओळखायचं?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : पानं बरोबर आहेत. मासिकांना टपालाचा सवलतीचा दर मिळायचा, पण नुसती चित्रं त्याला चालत नसत. म्हणून दोन पानांची छापील गोष्ट घालत. (पोरं ती सरळ उलटून पुढे जात असणार.) विनोदी पानं दोन साहसकथांमधली रिकामी जागा भरायची.

सालासाठी आधी पहिल्या पानाच्या तळाचा बारीक मजकूर पाहा. तो गेला असेल तर पानं मोजा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला कव्हर सोडून 64 पानं, म्हणजे सोळा पानी चार फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे) असत. कागदावर नियंत्रण आल्यावर 1943-44च्या सुमारास बऱ्याच अंकांत 48, म्हणजे तीनच फर्मे उरले. किंमत मात्र दहा सेंटच. मोजणीला चारने भाग जात नसेल, तर एखादं पान निखळलंय. त्याचा जोडीदार दुसऱ्या अर्ध्यात सुटा लोंबत असतो, तो तपासा.

आत सरकारी युद्धकर्जाचे रोखे घ्यायचं आवाहन असतं. त्यात ‘डिफेन्स बॉन्ड’ असेल तर अंक बहुधा 1941चा किंवा 1942च्या सुरुवातीचा, ‘वॉर बॉन्ड’ असेल तर त्यानंतरचा. नुसत्या नाझी खलनायकावर विसंबू नका. हिटलरला ठोसा मारणारा ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक 1940च्या डिसेंबरात विक्रीला आला, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याने अमेरिका युद्धात उतरली, त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. त्यावर छापलेला महिना मात्र मार्च 1941. तारखा अशाच पुढच्या टाकत.

प्रश्न : जुन्या कॉमिकच्या पिना गंजल्यात, कडा फाटल्यात. सेलोटेप लावू का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मुळीच नको. टेपचा डिंक पिवळा पडून शाईत उतरतो. फाटलेल्या जागी मागून पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची घट्ट खळ लावा. खळ पातळ झाली की न्यूजप्रिंटवर पाण्याचे डाग उमटतात. वर ब्लॉटिंग पेपर आणि वजन ठेवून रात्रभर वाळू द्या.

पीन बाहेरून ओढू नका. मधलं पान उघडा, पिनेखाली कागदाचा कपटा सरकवा, बोथट पातळ पात्याने दोन्ही पाय सरळ उभे करा आणि मग कण्याच्या बाजूने पीन काढा. गंज कागदात मुरला असेल तर हात लावू नका, पीन ओढताना भोकासकट कागद येतो. मग अंक पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून आडवा ठेवा. पीव्हीसीची पिशवी नको. पत्र्याखालचा माळा आणि आपल्याकडच्या पावसात ओल धरणारी भिंत, दोन्ही टाळा.

प्रश्न : साहस आणि विनोद एकाच गोष्टीत हवा असेल तर?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : चित्रकार जॅक कोलचा ‘प्लॅस्टिक मॅन’. ‘पोलीस कॉमिक्स’च्या ऑगस्ट 1941च्या पहिल्याच अंकात तो आला. मूळचा चोर, अंगावर आम्ल पडून रबरासारखा झालेला, हव्या त्या वस्तूचा आकार घेणारा, पोशाख लाल. चौकटीत लाल रंगाची खुर्ची किंवा गालिचा दिसला की थांबा, बहुतेक तोच असतो.